आप्पेपात्रातलं रीळ

‘नवीन रीळ घेतोय’ असं ऑफिसात म्हणालो, तर शेजारच्या टेबलावरच्या पोराने विचारलं, ‘टाकलं का इन्स्टावर?’ म्हणून आधीच सांगतो, हे रीळ दोरा गुंडाळायचं आहे. समुद्रात मासे धरायचं, जिगिंग करायचं. वर्षभरात मी ते निवडलं, वापरलं, माझ्याच हाताने बिघडवलं आणि शेवटी घरच्या डायनिंग टेबलावर पूर्ण उघडून परत जोडलं. उघडायच्या आधीच्या महिन्यात मला नीट झोप नव्हती. कोणी त्याच जागी अडकलं असेल तर उपयोग व्हावा, एवढ्यासाठी लिहितोय.

लहानपणी आजोळी खडकावर बसून गरवायचो. बांबूची काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा), टोकाला गरी आणि आमिषाला कोळंबी. त्या काठीला रीळ नव्हतं, त्यामुळे बिघडण्यासारखं काही नव्हतं. जिगिंग वेगळं. माशासारखा रंगवलेला धातूचा जड तुकडा, म्हणजे जिग, होडीतून सरळ तळापर्यंत सोडायचा आणि रॉडचे झटके देत, रिळाचा दांडा फिरवत नाचवत वर आणायचा. मासा लागो न लागो, दिवसभरात हे शेकडो वेळा. रिळाची खरी कसोटी माशाआधी या कवायतीत लागते.

ऑक्टोबर २०२३. तीन आठवडे रोज रात्री मोबाइल. बहुतेक व्हिडिओ अंदमानचे, तिथले राक्षसी मासे आणि तसलीच रिळं. चौदा हजार, अठरा हजार असे आकाराचे नंबर, वजन पाऊण किलोच्या आसपास. मीही तसलंच घ्यायला निघालो होतो. मग सुचलं, आपण जाणार सिंधुदुर्गातल्या निवतीला, तर तिथल्या होडीवाल्या तांडेलकाकांना विचारावं. फोनवर विचारलं, ‘काका, आपण जातो तिथे पाणी किती?’ ते म्हणाले, ‘बारा वाव. लांब गेलो तर वीस.’ वाव म्हणजे सहा फूट. बारा वाव म्हणजे बावीस मीटर, वीस वाव म्हणजे साडेछत्तीस. एवढ्या पाण्यात साठ ते शंभर ग्रॅमची जिग पुरते आणि तिला पाऊण किलोचं रीळ लागत नाही. दुकानात जायच्या आधी केलेला हा एक फोन माझे निदान पंधरा हजार वाचवून गेला.

आकाराच्या नंबरांवर फार विसंबू नका. एका कंपनीचं ४००० दुसरीच्या ४००० एवढं नसतं. स्पूलवर, म्हणजे दोरा गुंडाळला जातो त्या चाकावर, कोणत्या जाडीचा किती मीटर दोरा बसतो ते खोक्यावर छापलेलं असतं, ते बघा. मला पीई २ (हे दोऱ्याच्या जाडीचं जपानी माप) जाडीचा ३०० मीटर दोरा बसणारं हवं होतं.

ड्रॅगचंही तसंच, म्हणजे मासा जोरात ओढायला लागला की दोरा सुटू देणाऱ्या ब्रेकचं. खोक्यावर तेरा किलो ड्रॅग लिहिलेलं बघून आपण खूश होतो. माझा दोरा तुटतो सोळा किलोला. ड्रॅग लावायचा तुटण्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे चार-पाच किलो. तो मी प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा दोऱ्याला अडकवून लावतो. डुलत्या होडीत तेरा किलोचा ओढा हातात धरून उभं राहता येतं का, हे घरी पाण्याने भरलेली बादली रॉडला लटकवून बघा. मी बघितलं. बायकोने व्हिडिओ काढला.

गिअरचा हिशेब सायकलसारखा. ४.९ : १ म्हणजे दांड्याच्या एका फेऱ्यात रोटर, म्हणजे स्पूलवर दोरा गुंडाळणारा भाग, जवळपास पाच वेळा फिरतो, जड ओझं सहज ओढतो, पण दोरा हळू येतो. ६.२ : १ वेगाने खेचतो आणि मनगटाचा जीव घेतो. तांबोसा, गोब्रा यांना सावकाश नाचणारी जिग चालते, सुरमईला पळणारी लागते. मी कमी गिअरचं घेतलं. आज घेतलं असतं तर मधलं, ५.७ च्या आसपासचं घेतलं असतं.

वहीत शेवटी तीन नावं उरली होती: शिमानोचं सारागोसा, दाइवाचं बीजी आणि पेनचं स्लॅमर. स्लॅमर ३ ला आयपीएक्स६ दर्जाचं सील आहे, म्हणजे जोराच्या फवाऱ्यापासून संरक्षण. पाण्यात बुडवायची परवानगी त्यात नाही, हा फरक मला तेव्हा कळला असता तर पुढचं रामायण टळलं असतं. यातलं घेतलं की चौथंच घेतलं, ते मुद्दाम लिहीत नाही. बिघडवलं मी आणि नाव खराब व्हायचं कंपनीचं. ५००० आकाराचं, अ‍ॅल्युमिनिअमच्या बॉडीचं, गोल मुठीचं. ४ नोव्हेंबरला, दिवाळीच्या आधीच्या शनिवारी, १४,२०० रुपयांना घेतलं. घरी नऊ हजार सांगितले.

दोरा आठ पेडांचा, दर दहा मीटरला रंग बदलणारा, २,६५० रुपये. महाग वाटेल, पण जिगिंगला रंगीतच घ्या. त्याखाली पंधरा मीटर तंगूस गुंडाळला, नाहीतर गुळगुळीत पेडाचा दोरा स्पूलवर नुसता गोल फिरतो. दोरा भरताना ओल्या फडक्यात चिमटून ताणत भरायचा आणि स्पूलच्या कडेपासून दोन मिलिमीटर आधी थांबायचं.

पहिली फेरी २० जानेवारी २०२४. तारीख तांडेलकाकांनी दिली. अष्टमी नुकतीच होऊन गेलेली, भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेले. उधाणात पाणी एवढं ओढतं की जिग सरळ खाली जातच नाही, होडीच्या मागे तिरकी वाहते. पहिल्यांदा जाणाऱ्याने भांगातच जावं. कोकणकन्येने ठाण्याहून कुडाळ, पुढे रिक्षा. गाडीत रॉडची नळी बघून समोरच्या आजोबांनी विचारलं, ‘बंदूक का हो?’ मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपास १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, म्हणून आम्ही तिकडे न जाता निवतीहून निघालो.

काकांनी रीळ हातात घेऊन उलटंपालटं केलं. ‘ह्या कितक्याक पडला?’

इथेही नऊच हजार सांगितले.

‘तेवढ्यात माझ्या इंजिनाचो पंखो इलो असतो.’

मग म्हणाले, ‘बारा वाव. सोड.’ मी सोडलं आणि रंग मोजत राहिलो. दोन रंग संपून तिसऱ्यातल्या मीटरच्या दोन खुणा गेल्या आणि दोरा ढिला पडला. बावीस मीटर. तळ. काकांचा वाव आणि माझा जपानी दोरा दोघं एका आकड्यावर आले, त्याचा आनंद नंतर लागलेल्या किलोभर गोब्ऱ्याहून जास्त झाला. एक जिग खडकाला दिली, ४८० रुपये. संध्याकाळी रीळ विहिरीच्या पाण्याने धुतलं, पुसलं. सगळं छान.

दुसरी फेरी १ मेची. महाराष्ट्र दिनाची सुट्टी, पुन्हा अष्टमी, आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद व्हायच्या आधीची माझी शेवटची संधी. वारं होतं, होडीत फवारे येत होते, रीळ दिवसभर भिजलं. संध्याकाळी खोलीवर आल्यावर मी विहिरीचं पाणी बादलीत काढलं आणि रीळ त्यात पूर्ण बुडवून चांगलं खळखळवलं. काळजी घेतोय असं वाटत होतं. मग पाय धुताना तोंडावरही पाणी मारलं आणि ओठांना चव लागली. मचूळ. जानेवारीत गोड असलेली विहीर मे महिन्यात मचूळ झाली होती. म्हणजे मी रिळाला खाऱ्या पाण्यातच अंघोळ घातली होती, तीही आत शिरेल अशी. हे लक्षात येऊनही, गाडीची वेळ झाली म्हणून ते ओल्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत कोंबलं. डोंबिवलीला आल्यावर मार्चअखेरचं राहिलेलं काम, मुलीची अ‍ॅडमिशन. पिशवी माळ्यावर गेली.

२६ मे, रविवार. पिशवी काढली. स्पूलच्या कडेला पिठीसाखरेसारखी पांढरी पूड, अ‍ॅल्युमिनिअम खाल्ल्याची खूण. दोरा ज्या छोट्या चाकावरून जातो ते लाइन रोलर गच्च. दांडा फिरवला तर आतून रवा भाजल्यासारखा आवाज. काकांना फोन करून फोनजवळ रीळ फिरवलं. ते म्हणाले, ‘मिठान खाल्ल्यान तेका.’

दुरुस्ती करणाऱ्या दोघांना विचारलं. एकाने १,८०० रुपये आणि पार्ट्स वेगळे सांगितले, पण पावसाळ्यात सगळ्यांचीच रिळं येतात त्यामुळे सप्टेंबर उजाडेल म्हणाला. दुसऱ्याने फोन उचलला नाही. मीठ सप्टेंबरपर्यंत थांबणार नव्हतं. म्हणून स्वतः उघडायचं ठरवलं आणि महिनाभर उघडलं नाही. रोज रात्री खोक्यातला तो नकाशा बघायचो. बहुतेक रिळांबरोबर सुट्या भागांच्या चित्राचा कागद येतो, त्यावर प्रत्येक भागाचा नंबर असतो. तो टाकू नका. माझ्याने जवळजवळ रद्दीत गेलाच होता.

२९ जून, शनिवार. बाहेर धो धो पाऊस. टेबलावर पांढरा टॉवेल (पांढराच, काळ्यावर काही दिसत नाही), रॉकेल, जुना टूथब्रश, स्पिरिट. भाग सुटतील त्या क्रमाने ठेवायला काय घ्यावं हे कळेना. ओट्याखाली बारा घरांचं आप्पेपात्र दिसलं. बायको म्हणाली, ‘घे. पण मग ते कायमचं तुझं.’

पहिला स्क्रूच घसरला. जपानी रिळांचे अधिक खुणेचे स्क्रू आपल्या नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरसाठी नसतात, त्यांचं जेआयएस हे जपानी प्रमाणाचं वेगळं माप असतं. बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर छोटा ठिपका असतो, तो दिसला की थांबायचं. मी थांबलो नाही आणि डोकं गोल करून बसलो. काम तिथेच बंद. ८५० रुपयांचा ड्रायव्हर मागवला, तो मंगळवारी आला. पुढचा अंक ६ जुलैला.

स्पूल, दांडा, रोटर, त्याखालचा क्लच, मग बाजूचं झाकण. प्रत्येक पायरीला फोटो. एक भाग काढला की एक फोटो आणि आप्प्याच्या पुढच्या घरात भाग, ओळ मोडायची नाही. बेल, म्हणजे दोरा स्पूलवर नेणारी तारेची कमान, तिच्या हाताखाली स्प्रिंग असते. ती उडते. म्हणून तेवढं काम पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून केलं आणि ती खरंच उडाली, पिशवीत.

झाकण उघडल्यावर वास आला. जुनं ग्रीस, मीठ आणि बंदराच्या धक्क्यावर येतो तसला काहीतरी. मुख्य गिअरवरचं ग्रीस राखाडी झालं होतं, आणि पिनिअन, म्हणजे आतला पितळी लांबट गिअर, त्याच्या दात्यांमध्ये हिरवट चिखल. देवघरातल्या न घासलेल्या समईच्या खोबणीत साचतो तसा. टूथब्रशने घासत गेलो तसा खालून पिवळा दाता निघाला. एकही तुटला नव्हता. मी अर्धा तास तेच करत बसलो, एकेक दाता.

दोन मोठी बेअरिंगं खरखरत होती आणि लाइन रोलरचं तर फिरतच नव्हतं. बेअरिंगवर नंबर असतो, ६८७ म्हणजे आतला व्यास सात, बाहेरचा चौदा आणि दोन्ही बाजूंना झाकण असलेल्याची जाडी पाच मिलिमीटर. ही प्रमाण मापं असल्यामुळे कंपनीचाच भाग लागत नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर गेलो. दुकानदाराने विचारलं, ‘कौनसा मशीन?’ मी म्हटलं, ‘मछली का.’ त्याने मान वर न करता स्टेनलेसची दोन काढून दिली, ३६० रुपये. स्टेनलेस सांगून मागायचं, साधं पोलादी दोन फेऱ्यांत गंजतं. रोलरचं चिमुकलं मात्र तिथे स्टेनलेसमध्ये मिळालं नाही.

ते परदेशातून मागवलं, सोबत त्याच्या बाजूच्या दोन चकत्या. भाग १,२४० रुपयांचे आणि टपाल १,७५०. ८ जुलैला ऑर्डर. १८ जुलैला कुरिअरचा मेसेज, पार्सल अडलंय, केवायसी हवं. आधार, पॅन, बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि ‘स्वतःच्या वापरासाठी, विक्रीसाठी नाही’ असं सही केलेलं पत्र. बिलावर नुसतं ‘रीळ पार्ट्स’ होतं, त्यामुळे कशाचं रीळ ते विचारणारा मेल आला. फोटोसकट उत्तर दिलं. तुम्ही मागवलंत तर विक्रेत्याला आधीच सांगा, बिलावर ‘मासे गरवण्याच्या रिळाचं बेअरिंग’ असं सविस्तर लिही. शुल्क आणि हाताळणी मिळून १,१०५ रुपये भरले. २९ जुलैला पाकीट आलं. आत शर्टाच्या बटणापेक्षा लहान तीन वस्तू.

४ ऑगस्टला जोडायला बसलो. गिअरला जाडसर ग्रीस, बेअरिंगला पातळ तेल, ड्रॅगच्या कार्बनच्या चकत्यांना ड्रॅगचंच खास ग्रीस, अगदी पातळ थर. प्रत्येक स्क्रूच्या आट्यांनाही बोट फिरवून ग्रीस, कारण अ‍ॅल्युमिनिअममध्ये पोलादी स्क्रू आणि मध्ये खारं पाणी असलं की दोघं एकमेकांना धरून बसतात. तेल आणि ग्रीसचे मिळून १,३५० गेले. दाइवाच्या मॅगसीलवाल्या रिळांना मात्र हा प्रयोग नको. तिथे चुंबकाने धरलेलं तेल असतं, त्यात आपलं तेल गेलं की ते बिघडतं.

सगळं जोडलं आणि दांडा जड चालला. फोटो मोजले. फोटोत मुख्य गिअरच्या मागे कागदासारखी पातळ चकती दिसत होती, आप्पेपात्रात ते घर रिकामं. दोन तास टेबलाखाली बॅटरी घेऊन रांगलो. मुलगी म्हणाली, ‘बाबा, जुनं बेअरिंग बघितलं का?’ काढलेली बेअरिंगं मी वर्तमानपत्राच्या पुडीत टाकून दिली होती. एकाच्या पाठीला तेलाने चिकटून ती चकती बसली होती. पुडी कचऱ्यात गेली नव्हती, हे नशीब.

परत जोडलं. आता लोण्यासारखं चालायला लागलं. दोरा बांधून झटका दिला तर दांडा उलटा फिरला. हा माझा अतिउत्साह. दांडा उलटा फिरू नये म्हणून रोटरखाली जो क्लच असतो, त्यातल्या बारीक रुळांनाही मी प्रेमाने ग्रीस लावलं होतं. ते रूळ पकडायच्या ऐवजी घसरतात. तिथे फक्त पातळ तेलाचा एखादा थेंब. १० ऑगस्टला पुन्हा उघडलं, स्पिरिटने धुतलं, वाळवलं. या वेळी पाऊण तास लागला. पहिल्या वेळी दोन दिवस लागले होते.

एकूण खर्च ७,२७५ रुपये, त्यात नव्या आप्पेपात्राचे ६२० धरलेत. रिळाच्या किमतीच्या अर्ध्याहून जास्त. नुसत्या पैशाच्या हिशेबात सप्टेंबरची वाट बघणं कदाचित स्वस्त पडलं असतं. ड्रायव्हर आणि ग्रीस पुढच्या वेळी लागणार नाही, असं मी बायकोला सांगितलं. चौदा हजार दोनशे हा आकडाही तिला त्याच दिवशी कळला, कारण केवायसीसाठी काढलेली बिलं टेबलावरच राहिली होती.

१९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा झाली, पण मी गेलो दिवाळीनंतर, १० नोव्हेंबरला. पुन्हा भांग. वीस वावांवर दोन किलोचा तांबोसा लागला, ड्रॅग सरसरत सुटला आणि मधेच कुठे अडकला नाही. आणखी एक काहीतरी मोठं लागलं होतं, ते गाठीपाशी तुटलं. गाठ माझी, रिळाचा दोष नाही.

संध्याकाळी या वेळी डोंबिवलीहून नेलेली झारी काढली. पाणी विकतच्या बाटलीतलं, आधी चाखून. ड्रॅग घट्ट करायचा म्हणजे पाणी आत जात नाही, वरून हलका शिडकावा, झटकायचं, पुसायचं. मग ड्रॅग पूर्ण ढिला, चकत्या दबून राहू नयेत म्हणून, स्पूल वेगळं आणि सावलीत रात्रभर. रोलरवर तेलाचा थेंब. पाच मिनिटं लागतात.

काका ओट्यावर बसून बघत होते. झारी बघून हसले, मग आत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक रीळ घेऊन आले. कोणा पर्यटकाने दिलेलं, दोन पावसाळे पडून राहिलेलं. दांडा हलत नव्हता, बेल अर्ध्यावर अडकलेली. ‘ह्या पण बघ,’ म्हणाले.

सध्या ते आमच्या बाल्कनीत आहे, जुन्या आप्पेपात्राशेजारी. झाकणाचे तीन स्क्रू तेल सोडून सोडून निघाले. चौथा तीन आठवडे झाले, हलत नाही.